जुना ग्रुप की ऐन वेळचा गेस्ट? रूम कुणाला द्यायच्या ते असं ठरवा

हॉटेलमधे रेव्हेन्यू बघणाऱ्या माणसाला हा फोन आठवड्यातून एकदा तरी येतोच. सेल्सवाला म्हणतो, अरे तो आपला जुना ग्रुप आहे ना, त्यांना ५० रूम पाहिजेत तीन रात्री, दरवर्षीचाच रेट द्यायचाय, पटकन हो म्हण. आणि आपण चार्ट उघडून बघतो तर नेमक्या त्याच तारखांना एफआयटीची मागणी चढलेली, म्हणजे एकेकटे येऊन बुक करणारे गेस्ट, आजूबाजूची हॉटेलं भरत आलेली, आणि आपल्याला दिसतंय की जरा थांबलो तर याच रूम दीडपट रेटने जातील. मग भांडण. सेल्स म्हणतं तुम्हाला नात्याची किंमत नाही, रेव्हेन्यू म्हणतं तुम्हाला हिशोब येत नाही, आणि जीएम (जनरल मॅनेजर) शेवटी मधला काहीतरी रेट काढून देतात ज्याने ग्रुपपण नाराज आणि आपणपण.

इतकी वर्षं ही भांडणं केल्यावर माझं मत असं झालंय की आपण चुकीच्या गोष्टीवर भांडतो. रेट हा या सगळ्यातला सगळ्यात छोटा तुकडा आहे. आधी तारीख, मग किती रूम आणि न लागलेल्या कधी परत मिळणार, आणि रेट सगळ्यात शेवटी. खाली आकडे मांडून दाखवतो, तुमच्या हॉटेलचे घालून बघा, क्रम सहसा बदलत नाही.

आधी "जुना" म्हणजे काय ते बघा

जुना ग्रुप म्हटलं की सगळे हळवे होतात. पण आठ वर्षं येतोय म्हणजे आपल्याला फायद्याचा आहेच असं नाही. पीएमएसमधून, म्हणजे हॉटेलच्या बुकिंग-बिलिंगच्या सॉफ्टवेअरमधून, गेल्या तीन वर्षांचा रिपोर्ट काढा (कोरोनाची वर्षं मधे येत असतील तर ती गाळा, त्यातून काही कळत नाही) आणि प्रत्येक ग्रुपपुढे एवढं लिहा: मागितलेल्या रूम किती, आल्या किती, कोणत्या रात्री, बँक्वेटचं (हॉल आणि जेवणाचं) बिल किती झालं, पैसे किती दिवसांनी आले. आणि एक कॉलम जास्तीचा, जो बहुतेक जण लिहीत नाहीत: हा ग्रुप नसता तर त्या रात्री हॉटेल किती भरलं असतं.

सगळी गंमत या शेवटच्या कॉलममधे आहे. समजा एक ग्रुप वर्षाला ६०० रूम नाइट देतो (एक रूम एक रात्र गेली की एक रूम नाइट) आणि त्यातल्या ४२० अशा रात्रींच्या आहेत जेव्हा त्यांच्याशिवाय हॉटेल अर्धं रिकामं असतं. दुसरा ३०० देतो, रेट जास्त देतो, पण येतो फक्त सीझनमधे, जेव्हा दारात रांग असते. सेल्सच्या लिस्टवर दोघेही "व्हीआयपी अकाउंट". खरं तर पहिला म्हणजे सोनं आहे, कारण त्याच्या ४२० नाइटची कमाई दुसरं कोणी देणारच नव्हतं, आणि दुसरा ग्रुप म्हणजे आपल्याच एफआयटीच्या जागेवर बसलेला माणूस. त्याच्याशी वाईट वागा असं म्हणत नाही, पण सीझनमधे सूट देताना हात जरा आखडता घ्या.

एअरलाइन क्रूचं काँट्रॅक्ट असेल तर ते या हिशोबात घालूच नका. त्या रूम वर्षभर रोज गेलेल्या आहेत, त्या एकूण रूममधून आधीच वजा करायच्या आणि उरलेल्यांवर डोकं चालवायचं. क्रूच्या रेटचा विचार वर्षातून एकदा, काँट्रॅक्ट रिन्यू करताना.

आता हिशोब

याला डिस्प्लेसमेंट म्हणतात, म्हणजे ग्रुप घेतला तर कोण बाहेर ढकललं जाणार आणि ते किती देणार होते. कल्पना सोपी आहे पण करताना लोक दोन ठिकाणी घसरतात: ग्रुपचा रेट आणि बार रेट (त्या दिवशी सगळ्यांसाठी उघडा असलेला रेट) समोरासमोर ठेवून निकाल देतात, आणि प्रत्येक रात्र वेगळी न बघता तिन्ही रात्रींचं ॲव्हरेज धरतात.

उदाहरण घेऊ. हॉटेल १२० रूमचं. रेटसाठी एक साधं माप धरू, नेहमीच्या दिवसाचा रेट १००. ग्रुप मागतोय ५० रूम, तीन रात्री, ८० रेटने, आणि दर २५ रूममागे एक फ्री, म्हणजे दोन कॉम्प रूम. ग्रुप नसता तर एफआयटी आणि कॉर्पोरेट मिळून पहिल्या रात्री ६०, दुसऱ्या रात्री १०५ आणि तिसऱ्या रात्री ११० रूम जातील असा फोरकास्ट आहे. ग्रुपला ५० दिल्या की बाकीच्यांना ७० उरतात. म्हणजे पहिल्या रात्री कोणीच बाहेर जात नाही, दुसऱ्या रात्री ३५ आणि तिसऱ्या रात्री ४० गेस्ट परत पाठवायचे.

हे गेस्ट दुसऱ्या रात्री १२० आणि तिसऱ्या रात्री १३० देणार होते. पण ते पूर्ण आपल्या हातात येत नाहीत. ओटीए (ऑनलाइन बुकिंगच्या साइट) आणि एजंटचं कमिशन सगळे चॅनेल मिळून १५ टक्के धरू, रूम साफ करण्याचा, लाँड्रीचा, साबण-पाण्याचा खर्च १२. म्हणजे दुसऱ्या रात्री हातात ९०, तिसऱ्या रात्री साडेअठ्ठ्याण्णव. वर रेस्टॉरंट वगैरे मिळून प्रत्येकामागे १० नफा धरू. दुसऱ्या रात्रीचे ३५ गुणिले १०० म्हणजे ३५००, तिसऱ्याचे ४० गुणिले एकशे साडेआठ म्हणजे ४३४०. एकूण ७८४० आपण सोडतोय.

ग्रुपकडून काय येतंय? ४८ रूमचे पैसे, तीन रात्री, ८० ने: ११,५२०. त्यातून ५० रूमचा तीन रात्रींचा साफसफाईचा खर्च १८०० वजा, ९७२०. हॉल आणि जेवणाचा नफा १२०० धरू (नफा म्हणतोय मी, बिल नाही, बँक्वेटचं अख्खं बिल कमाईत धरणारे लोक पाहिलेत मी). एकूण १०,९२०. म्हणजे ग्रुप घेतला तर ३०८० जास्त. रेट ८० विरुद्ध १३० असूनही ग्रुप फायद्याचा, कारण पहिल्या रात्री त्यांनी ५० रिकाम्या रूम भरल्या आणि त्यांच्यावर कमिशन नाही.

आता इथे थांबू नका. सेल्सला विचारा की हे लोक एक दिवस आधी येऊ शकतील का. समजा आदल्या रात्रीचा फोरकास्ट ५५ चा आहे. ग्रुप एक दिवस अलीकडे सरकला तर तिसरी, सगळ्यात महाग रात्र मोकळी होते, आणि बाहेर जातात फक्त दुसऱ्या रात्रीचे ३५ गेस्ट, म्हणजे ३५०० चं नुकसान. १०,९२० वजा ३५००, हातात ७४२०. नुसती तारीख एक दिवस हलवल्याने ४३४० वाढले. हेच रेट वाढवून मिळवायचे तर १४४ रूम नाइटवर प्रत्येकी ३० वाढवावे लागतील, ८० चा रेट ११० करावा लागेल, आणि जुना ग्रुप त्या रेटला फोन ठेवून देईल. आणि आपण मीटिंगमधे तासभर भांडतो कशावर तर ८० की ८५. पाचाचा फरक म्हणजे ७२०. म्हणून म्हणतो आधी तारीख.

अजून एक गोष्ट या हिशोबात मी सोपी करून सोडलीय, ती तुम्ही सोडू नका. जो एफआयटी गेस्ट चार रात्री राहणार होता आणि त्यातल्या दोन रात्री ग्रुपमुळे बंद आहेत, तो उरलेल्या दोन रात्री आपल्याकडे आणि दोन रात्री शेजारी असं राहत नाही, तो चारही रात्री जातो. म्हणजे ग्रुपच्या तारखांच्या अलीकडे-पलीकडेही नुकसान होतं. तुमच्याकडे लांब मुक्कामाचे गेस्ट जास्त असतील तर हा आकडा मोठा निघतो. आणि बाहेर जाणाऱ्या गेस्टचा रेट धरताना सगळे बार रेट देणार असं धरू नका. ज्या कंपन्यांच्या काँट्रॅक्टमधे लास्ट रूम अव्हेलेबिलिटी आहे त्यांना साधी रूम शिल्लक असेपर्यंत ठरलेल्या रेटनेच द्यावी लागते, हॉटेल कितीही गरम असो. म्हणजे वाचवून ठेवलेल्या रूममधल्या काही त्यांच्याकडेच जाणार. मागच्या अशाच तारखांचा मिक्स, म्हणजे कोणत्या रेटचे किती गेस्ट होते ते, बघून खरा रेट काढा.

ऐन वेळच्या गेस्टसाठी किती रूम राखायच्या

ग्रुप हो म्हटला, तारीख हलत नाही, आता प्रश्न की ५० द्यायच्या की ३५. यासाठी एक जुना नियम आहे जो मला अजूनही सगळ्यात कामाचा वाटतो. १९७२ मधे बीओएसी या ब्रिटिश एअरलाइनमधल्या केन लिटलवुडने तो विमानातल्या सीटसाठी मांडला होता. नंतर १९८७ मधे एमआयटीत पीटर बेलोबाबाने तो अनेक रेटच्या पायऱ्यांसाठी वाढवला आणि आज आपण जी रेव्हेन्यू सिस्टिम वापरतो तिच्या पोटात कुठेतरी हाच विचार असतो. नियम असा: स्वस्त रेटचा गेस्ट समोर उभा आहे आणि महागवाला कदाचित नंतर येईल, तर ती रूम महागवाल्यासाठी तेव्हाच राखा जेव्हा तो येण्याची शक्यता स्वस्त रेट भागिले महाग रेट यापेक्षा जास्त आहे.

आपल्या उदाहरणात ८० भागिले १२०, म्हणजे दोन तृतीयांश. जी रूम ऐन वेळी जाण्याची शक्यता दोन तृतीयांशाहून जास्त आहे तीच राखायची. (नीट करायचं तर दोन्हीकडे कमिशन-खर्च कापलेले आकडे घ्या, समजायला हे पुरे.)

शक्यता कुठून आणायची? सिस्टिम असेल तर ती देते, नसेल तर एक्सेल. मागच्या दहा अशाच तारखा घ्या, तोच वार, तोच सीझन, आणि शेवटच्या १४ दिवसांत किती रूम बुक झाल्या ते लहान ते मोठं लावा. समजा आकडे आले २२, २५, २७, २८, ३०, ३१, ३३, ३६, ४०, ४७. यात २८ किंवा जास्त किती वेळा? सात वेळा, ७० टक्के. ३० किंवा जास्त सहा वेळा, ६० टक्के. आपल्याला ६७ टक्क्यांच्या वर पाहिजे, म्हणजे २८ रूम राखा, तिसावी राखण्यात अर्थ नाही. ॲव्हरेज ३२ येतं हं, आणि बरेच जण तेच राखतात, आणि त्यातल्या चार रूम बऱ्याच वेळा रिकाम्या झोपतात. ग्रुपचा रेट १२० च्या निम्मा, ६० असता तर मात्र ३० राखाव्या लागल्या असत्या. रेटमधलं अंतर वाढलं की जास्त राखायच्या, कमी झालं की कमी, एवढं डोक्यात बसलं तरी पुरे.

दोन सावधगिऱ्या. एक, ज्या तारखांना हॉटेल फुल होऊन विक्री बंद केली होती तिथला आकडा खरा नाही, मागणी त्याहून जास्त होती, परत पाठवलेल्यांची नोंद असेल तर ती मिळवा, नसेल तर आजपासून ठेवायला लागा. दोन, बुकिंग मोजू नका, आलेले गेस्ट मोजा.

ही दुसरी मी पैसे देऊन शिकलोय. एका वर्षी मोठा इव्हेंट होता, बुकिंगचा आकडा असा चढत होता की आम्ही सगळे हवेत. दरवर्षी येणारा ३५ रूमचा ट्रेनिंगचा ग्रुप होता, त्यांना मी नाही म्हणून सांगितलं, तेही फोनवर नाही, दोन ओळींच्या मेलवर. आमच्या रेटवर एक दिवस आधीपर्यंत फ्री कॅन्सलेशन होतं. लोकांनी काय केलं असेल, तीन-तीन हॉटेलं बुक करून ठेवली होती आणि शेवटच्या दोन दिवसांत कॅन्सल करत सुटले. त्या रात्री आमच्या वीसच्या वर रूम रिकाम्या. एवढंच असतं तर ठीक, पण तो ग्रुप पुढच्या ऑफ सीझनलापण आला नाही, ते शेजारच्या हॉटेलात जाऊन बसले आणि अजून तिथेच आहेत. त्यांच्या ऑफ सीझनच्या नाइट मी त्या हिशोबात कुठेच धरल्या नव्हत्या.

म्हणून गरम तारखांवर मागणी दिसली की आधी कॅन्सलेशनची अट कडक करा, थोडं ॲडव्हान्स घ्या, आणि मग बघा किती उरतं. जे उरतं त्याच्यावर ग्रुपला नाही म्हणायचं की नाही ते ठरवा.

ब्लॉक, वॉश आणि कट-ऑफ

आता माझा सगळ्यात आवडता भाग, कारण इथे पैसा लपलेला असतो आणि कोणाला भांडायची गरज पडत नाही.

ब्लॉक म्हणजे ग्रुपसाठी बाजूला धरलेल्या रूम. तुमच्या रिपोर्टमधे दिसलं की हा ग्रुप ५० मागतो आणि ४० येतात. याला वॉश म्हणतात, इथे २० टक्के. आता परत तेच उदाहरण, ग्रुप मूळ तारखांनाच येतोय. त्यांनी १० रूम ऐन वेळी, शेवटच्या दोन दिवसांत सोडल्या. तोपर्यंत आपण एफआयटीला नाही म्हणून झालंय, ७८४० चं नुकसान तसंच. ग्रुपकडून आता ४० रूम, एक कॉम्प, ३९ चे पैसे: ९३६०, खर्च १४४० वजा, ७९२०, हॉलचा नफा १००० धरा, ८९२०. हातात उरले १०८०. ३०८० चे १०८० झाले आणि रेट तोच आहे, कोणाच्या लक्षातसुद्धा आलं नाही.

त्याच १० रूम त्यांनी महिनाभर आधी सोडल्या असत्या तर? एफआयटीला ८० रूम मिळाल्या असत्या, बाहेर गेले असते दुसऱ्या रात्री २५ आणि तिसऱ्या रात्री ३०. नुकसान २५०० अधिक ३२५५, म्हणजे ५७५५. हातात ३१६५. अख्ख्या ५० रूम आल्या त्यापेक्षाही थोडे जास्त! म्हणजे ग्रुप छोटा झाला याचं दुःख नाही, उशिरा छोटा झाला याचं आहे.

मग काँट्रॅक्टमधे काय लिहायचं. एकच कट-ऑफ, म्हणजे रूम परत सोडायची शेवटची तारीख, ठेवण्यापेक्षा मी पायऱ्या ठेवतो: ९० दिवस आधी २० टक्क्यांपर्यंत रूम फुकट सोडा, ६० दिवसांवर अजून १०, ३० दिवसांवर शेवटचे ५, आणि त्यानंतर रूमिंग लिस्टमधे (कोणत्या रूममधे कोण राहणार त्या यादीत) नाव नाही ती रूम आपोआप परत विक्रीला. आकडे तुमच्या बुकिंग विंडोप्रमाणे, म्हणजे गेस्ट किती दिवस आधी बुक करतात त्याप्रमाणे, बदला, तुमचे एफआयटी शेवटच्या दहा दिवसांत येत असतील तर ९० दिवसांचा काच कशाला. पण पायऱ्या ठेवा, कारण समोरच्या कोऑर्डिनेटरलासुद्धा ते बरं पडतं, त्याला ९० दिवस आधी खरा आकडा माहीत नसतो आणि एकच तारीख दिली की तो घाबरून जास्त धरून बसतो.

पेनल्टीची अट लिहा जरूर, पण जुन्या ग्रुपवर ती वसूल करायची वेळ आली तर समजा की पायऱ्यांच्या तारखांना फोन करायला आपण विसरलो होतो. तो फोन कॅलेंडरमधे टाका. नुसतं "काय म्हणताय, लिस्ट कुठवर आली" एवढाच.

आणि वॉश माहीत असेल तर आपणपण थोडं शहाणं व्हायचं, ५० च्या ब्लॉकमागे ४५ च धरून चालायचं आणि पाच वर विकायच्या. पूर्ण दहा विकू नका, कारण ज्या वर्षी अख्खे ५० येतील त्याच वर्षी त्यांचे मोठे साहेब सोबत असतात हे ठरलेलं आहे. ओव्हरबुकिंग अंगावर आलंच तर ग्रुपच्या माणसाला दुसऱ्या हॉटेलात पाठवू नका, ग्रुप तुटला की त्यांची बस, मीटिंग, सगळं बिघडतं. एका रात्रीसाठी आलेला एकटा गेस्ट, ज्याला आपण नीट नुकसानभरपाई आणि गाडी देऊ शकतो, तो विचारायला सोपा. जो पहिल्यांदाच आपल्याकडे येतोय त्याला मात्र शक्यतो नको.

ब्लॉकच्या कडांकडेपण बघा. ग्रुप मधल्या तीन रात्री घेऊन बसला की अलीकडची आणि पलीकडची रात्र लंगडी होते. ग्रुपलाच विचारा की आदल्या रात्री काही लोक येणार का, त्या रात्रीचा रेट थोडा कमी द्या, आपल्याला स्वस्त पडतं. आणि एफआयटीला गरम रात्री मिनिमम स्टे (कमीत कमी इतक्या रात्री राहायची अट) लावा म्हणजे एका रात्रीचे गेस्ट मधली रात्र खाऊन दोन्ही बाजू रिकाम्या ठेवणार नाहीत. पण शेवटच्या आठवड्यात ते उघडायला विसरू नका, लावून विसरलेला मिनिमम स्टे मी प्रत्येक हॉटेलात बघितलाय.

नाही म्हणायचं तर कसं

हिशोब करून कळलं की घेणं परवडत नाही. ठीक. पण "फुल आहे" हे सांगू नका, कारण ते लगेच ओटीएवर बघतात आणि आपण उघडे पडतो. खरं सांगा: या दोन रात्री मागणी फार आहे, तुमच्या रेटला मला परवडत नाहीये, पण या या तारखांना मी तुमचा जुना रेट देतो आणि वर हॉल फ्री देतो. दोन पर्यायी तारखा हातात असल्याशिवाय फोन करायचाच नाही. तारीख हलत नसेल तर तिसरा पर्याय अर्धा ब्लॉक जुन्या रेटला आणि बाकीच्या रूम त्या दिवशीच्या रेटवर थोडी सूट देऊन.

आणि लवकर सांगा. सहा महिने आधी नाही म्हटलेलं लोक विसरतात, सहा आठवडे आधी म्हटलेलं लक्षात ठेवतात. खरं तर जुन्या ग्रुपच्या बाबतीत त्यांनी विचारेपर्यंत थांबायचंच कशाला, दरवर्षी कधी येतात ते आपल्याला माहितेय, गरम तारखा कळल्या की आपणच फोन करून सांगायचं की यंदा तो आठवडा टाळा, पुढचा तुमच्यासाठी धरून ठेवलाय, अमुक तारखेपर्यंत कळवा. टेंटेटिव्ह, म्हणजे अजून पक्का न झालेला, ब्लॉक धरला की त्याला निर्णयाची तारीख पाहिजेच. मधे दुसरं कोणी विचारलं तर पहिल्यांदा यांना फोन, दोन दिवसांत हो किंवा नाही. नाहीतर टेंटेटिव्ह ब्लॉक महिनोन्महिने पडून राहतात आणि चार्ट भरलेला दिसतो, हॉटेल रिकामं असतं.

एकदा हो म्हटलं आणि सही झाली, की मग मागणी कितीही वाढू दे, त्या ब्लॉकला हात लावायचा नाही. रेट वाढला म्हणून ग्रुपला कारणं देऊन हलवणारी हॉटेलं असतात, तो एका रात्रीचा फायदा होतो.

सेल्सच्या इन्सेंटिव्हबद्दल एक बोलून घेतो, कारण मूळ तिथे असतं. त्यांना एकूण रूम नाइटवर इन्सेंटिव्ह असेल तर ते सीझनमधलेच ग्रुप आणणार, ते सगळ्यात सोपे मिळतात. वर्षाच्या सुरुवातीला रेव्हेन्यूने थंड तारखांची यादी द्यायची आणि त्या तारखांच्या नाइटला दुप्पट पॉइंट. आमच्याकडे हे केल्यावर सेल्सचे ते "पटकन हो म्हण"वाले फोन निम्म्यावर आले.

ऐन वेळचा रेट ठेवताना ग्रुपला विसरू नका

ऐन वेळची मागणी म्हणजे नेहमी महाग गेस्ट असं नाही. थंड तारखांना उलट होतं, हॉटेल रिकामं दिसतं, आपण घाबरून शेवटच्या आठवड्यात रेट पाडतो. आणि त्याच वेळी हॉटेलात ग्रुपचा ब्लॉक असतो. ग्रुपचा रेट ८०, ओटीएवर ७२. ग्रुपमधल्या लोकांच्या हातात फोन आहेत. ते ब्लॉक सोडून बाहेरून बुक करतात, कोऑर्डिनेटरची रूमिंग लिस्ट भरत नाही, आपण त्याला पेनल्टीचं पत्र पाठवतो आणि तो आपल्याला त्याच रात्रीचा ७२ चा स्क्रीनशॉट पाठवतो. यापेक्षा लाजिरवाणं काही नसतं, मी त्या मीटिंगमधे बसलोय.

म्हणून ब्लॉक असलेल्या तारखांना उघडा रेट ग्रुपच्या खाली न्यायचा नाही, आणि न्यायचाच तर कुंपण घालून: पूर्ण पैसे आधी, कॅन्सलेशन नाही, नाश्ता नाही, किंवा वेगळ्या प्रकारची रूम. आणि ग्रुपची जी माणसं तरीही बाहेरून बुक करून आली त्यांची नावं चेक-इनच्या वेळी जुळवा आणि ती त्यांच्या पिकअपमधे, म्हणजे ग्रुपने वापरलेल्या रूममधे, धरा. फ्रंट ऑफिसला दहा मिनिटांचं काम आहे. कोऑर्डिनेटरला वाटतं आपण त्याच्या बाजूचे आहोत, आणि आपल्याला पुढच्या वर्षीसाठी खरा वॉश कळतो, ४० नाही, ४६ आले होते, सहा जण दुसऱ्या दाराने.

तारीख होऊन गेली की दुसऱ्या दिवशी सकाळी त्या ग्रुपच्या शीटमधे तीन आकडे टाका: शेवटच्या १४ दिवसांत किती एफआयटी बुकिंग परत पाठवली, ग्रुपच्या किती रूम कोणत्या तारखेला परत आल्या, आणि त्या रात्री किती रूम रिकाम्या राहिल्या. सेल्सवाल्याला कॉपी करा, त्याच्या बाजूने आकडे आले असतील तरी करा. पुढच्या वर्षी फोन आला की दोघांच्याही समोर तेच शीट उघडं असतं आणि पहिला प्रश्न तारखेचा निघतो.